एमएसडब्ल्यू (समाजकार्याची मास्टर्स डिग्री), लोकप्रशासन की दोन्ही एकदम? म्हाताऱ्या माणसांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

पत्र थोडक्यात असं आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची २६ वर्षांची मुलगी. बीए झालंय, चार वर्षं सेवा केंद्रात कॉम्प्युटरवर बसते, उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्ड, पेन्शनचे अर्ज असली कामं करते. तिच्याकडे सगळ्यात जास्त येतात ती म्हातारी माणसं. कुणाचा अंगठा उमटत नाही, कुणाला ओटीपी म्हणजे काय ते माहीत नाही, कुणाचा मुलगा फोन घेऊन पुण्याला गेलेला. मागच्या महिन्यात एक आजी आल्या, श्रावणबाळ योजनेचा अर्ज परत आला म्हणून, कारण आधारवर जन्मतारीख ०१/०१/१९६६ पडलीये आणि योजनेला वय लागतं ६५. त्या आजी काउंटरसमोर अर्धा तास नुसत्या उभ्या राहिल्या, आणि त्या दिवसापासून या मुलीच्या मनात आहे की यात नीट शिकून काम करायचं. अमेरिकेतल्या चुलतभावानं सांगितलंय की तिकडे समाजकार्य आणि लोकप्रशासन अशी जोडपदवी असते, वृद्धांच्या विषयात स्पेशलायझेशनही करता येतं, तसं काहीतरी कर. वडील म्हणतात आधी एमपीएससीची एक पोस्ट काढ, मग काय ती समाजसेवा. ती विचारते, दोन्ही डिग्र्या एकदम करू का, आपल्याकडे असं चालतं का, आणि केल्या तर खरंच उपयोग होईल का. पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे, "घरी आजी ८१ वर्षांची आहे, हल्ली विसरते, तिचं मीच बघते."

अगं, तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळेला डिग्रीचा प्रश्न दिसला, तिसऱ्या वेळेला ती शेवटची ओळ दिसली. तिच्याकडे येते, पण आधी त्या काउंटरसमोर उभ्या राहिलेल्या आजींकडे जाऊ, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथंच आहे.

तुझ्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की मला आत्ता काही येत नाही आणि दोन डिग्र्या झाल्या की मग मी या कामाच्या लायकीची होईन. मला हे तसं वाटत नाही. त्या आजींचंच घे. आधारवर १ जानेवारी पडलेली कितीतरी म्हातारी माणसं तू रोज बघतेस, आणि तुला माहितीये की ती खरी तारीख नसते, नोंद करताना वय अंदाजानं सांगितलं आणि तारीख तशी बसली. आता त्यांना शांतपणे खाली बसवून, पाणी देऊन विचारायचं की आजी, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? त्या म्हणतील नव्हतं, पण मी कळती होते, रात्रीचं सगळे अंगणात निजलो होतो. तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. मग विचारायचं बहात्तरच्या दुष्काळात काय करत होता? आणि समजा त्या म्हणाल्या खडी फोडायला जायचे, थोरला कडेवर होता. ज्या बाईच्या कडेवर १९७२ मध्ये पोर आहे तिचा जन्म १९६६ चा कसा असेल? म्हणजे आज त्यांचं वय सत्तरीच्या आसपास आहे. हे विचारणं, त्या बोलतायत तोवर घाई न करणं, लेकाचं जन्मसाल शाळेच्या दाखल्यावरून काढणं, याला आमच्या समाजकार्यात केसवर्क म्हणतात.

पण एवढ्यानं पेन्शन मिळत नाही ना. त्यापुढे कुणालातरी माहीत असावं लागतं की या योजनेला वयाचा पुरावा म्हणून एकटं आधारच चालतं असं नाही, जन्मनोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डावरचं किंवा मतदार यादीतलं वय, आणि यातलं काहीच नसेल तर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा किंवा त्यांच्यावरच्या सरकारी डॉक्टरचा वयाचा दाखला, अशी यादी शासन निर्णयात दिलेली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानंही एका अपघात भरपाईच्या केसमध्ये म्हटलंय की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही. हे कुठल्या टेबलावर, कुणाला, कुठल्या कागदाच्या आधारानं सांगायचं, अर्ज परत करताना कारण लेखी मागायचं, मंजुरी कुठल्या समितीपुढे होते, हे झालं लोकप्रशासन. म्हणजे बघ, जोडपदवी तुझ्या काउंटरवर रोज येऊन उभी राहते. तू ती नावं न देता थोडी थोडी करतेच आहेस. म्हणून मला वाटतं की प्रश्न "दोन्ही करू का" असा नाहीये, दोन्ही जिथं एकमेकांना भिडतात ती जागा मला शिकताना कशी मिळेल, असा आहे. आणि ती जागा कुठल्याही विद्यापीठाच्या सर्टिफिकेटावर तयार मिळत नाही, ती फील्डवर्कमध्ये आपण होऊन मागून घ्यावी लागते.

आता नियमाचं सांगते, कारण हे विचारणारी तू एकटी नाहीस. यूजीसीनं एप्रिल २०२२ मध्ये दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी दिलेली आहे. दोन्ही कॉलेजात जाऊन करायचे असतील तर वर्गाच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत, किंवा एक कॉलेजात आणि दुसरा डिस्टन्स किंवा ऑनलाइन, पण डिस्टन्सवाली संस्था त्या कोर्ससाठी मान्यताप्राप्त पाहिजे, हे प्रवेशाच्या आधी तपासायचं, एजंटच्या बोलण्यावर जायचं नाही. म्हणजे एमएसडब्ल्यू रेग्युलर आणि एमए लोकप्रशासन इग्नूतून, हे कागदावर अगदी बसतं. इग्नूचं एमए कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षांत पूर्ण करता येतं, जुलै आणि जानेवारी असे दोनदा प्रवेश असतात, परीक्षा जून आणि डिसेंबरला.

पण कागदावर बसतं म्हणून दोन्ही पहिल्याच दिवशी सुरू करू नकोस गं. एमएसडब्ल्यूचं पहिलं वर्ष बाहेरून दिसतं त्यापेक्षा खूप दमवणारं असतं. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क, त्याचे रिपोर्ट, आयसी, जीसी (म्हणजे सुपरवायझरबरोबर एकटीनं आणि गटानं बसून केलेली चर्चा) आणि वर ग्रामीण शिबिर. मी माझ्या पहिल्या वर्षी सोबत एक डिप्लोमा घेतला होता, आणि झालं काय की रिपोर्ट मी बसमध्ये बसून उरकायचे, लिहायचे "क्लायंटशी चर्चा केली", आणि त्या माणसानं नक्की काय म्हटलं ते दुसऱ्या दिवशी मला आठवायचं नाही. एका आजोबांनी मला मुलाच्या मारहाणीबद्दल सांगितलं होतं, अगदी आडून, "सून बरी आहे, तिनं दार उघडलं" एवढंच, आणि मी ते ऐकून पुढच्या प्रश्नावर गेले. माझ्या सुपरवायझर मॅडमनी रिपोर्ट वाचून विचारलं, दार बंद कुणी केलं होतं? त्या प्रश्नाची मला आजही लाज वाटते. म्हणून सांगते, पहिलं वर्ष फक्त एमएसडब्ल्यूला दे. दुसऱ्या वर्षाच्या जुलैत इग्नूला नाव घाल, आणि एमएसडब्ल्यू संपल्यावर नोकरी करता करता ते पूर्ण कर. एकूण तीन वर्षांत दोन्ही होतं.

हा क्रम का? लोकप्रशासनाचा अभ्यास पुस्तकातून आणि नोकरीतून बऱ्यापैकी होतो, समाजकार्य तसं होत नाही, तिथं कुणीतरी तुझं काम बघून चुकतेस कुठं ते सांगणारं लागतं. आणि दुसरं, थेट सांगते, नुसतं एमए लोकप्रशासन झालं म्हणून कुणी नोकरी देत नाही. एमएसडब्ल्यूला निदान ठरलेल्या जागा आहेत, सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक, महापालिकेच्या समाज विकास विभागात समूह संघटिका, हेल्पेजसारख्या संस्था, पॅलिएटिव्ह केअर सेंटर. सुरुवातीचा पगार कमी असतो, हे आत्ताच वडिलांना सांगून ठेव, मागाहून भांडण नको.

कॉलेज म्हणशील तर तुला घरापासून लांब जायची गरज नाही. साताऱ्याला जकातवाडीला यशवंतराव चव्हाण स्कूल ऑफ सोशल वर्क आहे, कोल्हापूरला सायबर नावाची संस्था आहे, पुण्याला कर्वे समाज सेवा संस्था. मुंबईत निर्मला निकेतन आणि टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), टिसला आता सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नागपूरकडच्या वाचकांना मातृ सेवा संघाचं कॉलेज आहे. नावापेक्षा एक प्रश्न विचारून कॉलेज निवड: "फील्डवर्कला मला वृद्धांच्या क्षेत्रातली आणि सरकारी कार्यालयातली अशी दोन्ही ठिकाणं मिळतील का?" जिथले सर किंवा मॅडम म्हणतील की तू सुचव, आम्ही पत्र देतो, ते कॉलेज तुझं. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचं पोर्टल प्रवेशाच्या आधीच उघडून बघ, कागद गोळा करण्यात तुझा हात कोण धरणार आहे!

आणि ती ठिकाणं कुठली मागायची ते ऐक, कारण मला सगळ्यात जास्त याच्याबद्दल बोलायचंय. वृद्धांसाठी काम म्हटलं की विद्यार्थी सरळ वृद्धाश्रमात जातात. जावं, पण आपल्याकडची बहुतेक म्हातारी माणसं वृद्धाश्रमात नसतात, ती घरात असतात, मुलाच्या किंवा मुलीच्या, किंवा गावाकडच्या रिकाम्या घरात एकटी. म्हणून पहिल्या वर्षी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय माग, जिथं ज्येष्ठांची ओपीडी चालते, तिथं नुसतं बसलीस तरी कळेल की ६२ वर्षांचे रिटायर्ड गुरुजी आणि ८८ वर्षांची विधवा या दोघांना आपण एकच "ज्येष्ठ नागरिक" म्हणतो ते किती अपुरं आहे. आणि दुसऱ्या वर्षी प्रांत ऑफिस माग.

प्रांत ऑफिस का? आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आहे ना, त्यातलं न्यायाधिकरण प्रांतांकडे असतं. म्हाताऱ्या आईवडिलांनी पोटगी मागायची ती तिथं, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत मिळू शकते, सांभाळायच्या अटीवर मुलाच्या नावावर केलेलं घर तो सांभाळत नसेल तर परत मागता येतं, वकील लागत नाही. पण या कायद्यात एक तरतूद आहे जी फार कमी जणांना माहितीये. सुनावणीच्या आधी न्यायाधिकरण प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकतं, त्यानं एका महिन्यात अहवाल द्यायचा, आणि हा समेट अधिकारी संस्थेचा प्रतिनिधी किंवा न्यायाधिकरणानं नेमलेली दुसरी व्यक्तीही असू शकते. आता विचार कर, आई एका बाजूला बसलीये, मुलगा दुसऱ्या बाजूला, आई म्हणते मला पैसे नकोत, याला फक्त सांगा की माझ्याशी बोल. आदेशात "बोल" असं लिहिता येत नाही. महिन्याचे तीन हजार लिहिता येतात. तिथं बसणाऱ्या माणसाला कायदाही माहीत पाहिजे आणि रडणाऱ्या आईच्या पुढ्यात गप्प बसताही आलं पाहिजे. तुला जी जोडपदवी हवी आहे ती मला विचारशील तर या खुर्चीसाठी हवी आहे, आणि ही खुर्ची कायद्यात आजच आहे.

प्रबंधाचा विषयही आत्ताच सुचवून ठेवते, तुझ्या तालुक्यात परत आलेले पेन्शनचे अर्ज. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून तीन वर्षांतले नामंजूर अर्ज आणि त्यांची कारणं माग. आणि त्याच्याही आधी, अगदी उद्यापासून, काउंटरवर एक वही ठेव. नाव लिहायचं नाही, फक्त तारीख, बाई की पुरुष, अंदाजे वय, काय काम होतं, कशामुळे अडलं, किती फेऱ्या झाल्या. ठसा उमटला नाही, आधारवर वय चुकलं, मोबाइल नंबर मुलाचा निघाला, हयातीचा दाखला राहिला म्हणून पैसे थांबले. प्रवेशाच्या मुलाखतीला ती वही घेऊन जा, निबंधापेक्षा तीच बोलेल.

चुलतभावाचं म्हणणं चुकीचं नाही, तिकडे एमएसडब्ल्यू आणि एमपीए (लोकप्रशासनाची मास्टर्स) एकत्र साधारण तीन वर्षांत होतं कारण काही विषय दोन्हीकडे धरतात, आणि मान्यताप्राप्त एमएसडब्ल्यूला किमान ९०० तास फील्डवर्क लागतं, ही शिस्त मला फार आवडते. पण तिकडे १९६५ चा वृद्धांसाठीचा कायदा आहे, त्याच्याखाली भागाभागात वृद्धांच्या सेवांची कार्यालयं आहेत, मेडिकेअर आहे, सोशल सिक्युरिटी आहे, आणि पदवी त्या रचनेत काम करायला शिकवते. तुला तिकडेच राहायचं असेल तर जरूर जा, मात्र ज्या राज्यात राहशील तिथल्या लायसन्सचे नियम आधी बघ. तुला सांगलीतल्या आजींसाठी काम करायचं असेल तर कर्ज काढून तिकडे जाऊन मग इथला शासन निर्णय पुन्हा पहिल्यापासून शिकायचा, यात मला अर्थ दिसत नाही. त्यापेक्षा मुंबईत देवनारला असलेली आयआयपीएस ही लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था वृद्धांवरचा देशातला सगळ्यात मोठा अभ्यास करते, लासी नावाचा, ४५ च्या पुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांचा, त्याचा २०१७-१८ च्या फेरीचा रिपोर्ट वाचायला घे. त्याच संस्थेनं यूएनएफपीए या संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीबरोबर काढलेल्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय की २०५० पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीच्या वरचा असेल. तू त्यावेळी पन्नाशीत असशील, म्हणजे हे काम तुला आयुष्यभर पुरणार आहे.

वडिलांचं म्हणशील तर त्यांना शत्रू समजू नकोस. त्यांना तुझ्या हातात पक्की नोकरी बघायचीये आणि आपल्या भागात पक्की म्हणजे सरकारी. त्यांना सांग की एमपीएससीचं दार बंद होत नाहीये. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झालीये, यूपीएससीला लोकप्रशासन वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, तो अभ्यास फुकट जात नाही. समाजकल्याणच्या पदांची जाहिरात निघते तेव्हा पात्रतेचा रकाना स्वतः वाच, क्लासवाल्यांना विचारू नकोस. मात्र परीक्षेला दोन प्रयत्न की तीन ते आधी ठरवून ठेव. मी अशी मुलं बघितलीत की जी सहा सात वर्षं पेठेतल्या अभ्यासिकेत बसली आणि ज्या कामासाठी पोस्ट हवी होती ते काम काय होतं तेच विसरून गेली.

आता ती शेवटची ओळ. "हल्ली विसरते, तिचं मीच बघते." तू कॉलेजला गेलीस तर आजीचं कोण बघणार, हे तू लिहिलं नाहीस, आणि मला वाटतं घरातही अजून कुणी बोललेलं नाही. तू सगळ्या तालुक्याच्या म्हाताऱ्यांची काळजी करतेस आणि स्वतःच्या घरातली काळजी एकटीच्या अंगावर घेऊन बसलीयेस, जणू ते काम नाहीच. ते काम आहे. आणि विसरणं हे वयाचंच आहे असं धरून चालू नकोस, बी१२ कमी असणं, थायरॉइड, ऐकू कमी येणं, गोळ्यांचा परिणाम, मनातली उदासी, यातल्या कशानंही विसरायला होतं आणि त्यातलं बरंचसं उपचारानं सुधारतं, आणि डिमेन्शिया असेल तर तो जितका लवकर कळेल तितकं घर सावरतं. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजला दाखव, प्रवेशाचा फॉर्म भरायच्या आधी. मग वडील, आई, भाऊ असेल तर भाऊ, सगळ्यांना बसवून आठवड्याचं वेळापत्रक कागदावर मांड, सकाळच्या गोळ्या कोण देणार, दुपारी दोन ते पाच जवळ कोण, रात्री उठली तर कोण उठणार. प्रत्येक रकान्यात तुझंच नाव येत असेल तर मग साताऱ्याला होस्टेलवर जायचा प्लॅन आत्ता शक्य नाही, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही.

तसं झालं तर दुसरा रस्ता आहे, आणि ज्यांचं लग्न झालंय, लहान पोरं आहेत, चाळिशीत शिकायचंय, अशा सगळ्या वाचकांसाठीही तोच आहे. एमएसडब्ल्यू इग्नूतूनही होतं, फील्डवर्क त्यातही असतं. मी रेग्युलरला जास्त मानते हे खरं, कारण समोर बसून "दार कुणी बंद केलं होतं" असं विचारणारं माणूस लागतं. पण ते माणूस तू स्वतः शोधू शकतेस, एखादी रिटायर्ड समाजसेवा अधीक्षक, तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक संघातली जाणती बाई, महिन्यातून एक दुपार त्यांच्यापुढे तुझे रिपोर्ट वाचायचे. सेवा केंद्र चालू ठेवून, आजीजवळ राहून, तीन वर्षांत एमएसडब्ल्यू आणि त्याच्यामागून लोकप्रशासन. वेळ थोडा जास्त लागेल, पण माणसं तुझ्याकडे येतच राहतील.

या आठवड्यात मात्र एवढंच कर. त्या आजींना निरोप धाड, लेकाचा शाळेचा दाखला असेल तर घेऊन बोलाव, मतदार यादीत त्यांचं वय किती लागलंय ते काढ, आणि ग्रामीण रुग्णालयात अधीक्षक कुठल्या वारी भेटतात ते विचारून त्यांच्याबरोबर स्वतः जा, एकटं पाठवू नकोस. अर्ज पुन्हा भरताना पोच घे. आणि काय झालं ते मला कळव, डिग्रीचं नंतर कळवलंस तरी चालेल.